दादाने शिकवलेलं ‘पहले आप’

आमचा दादा नव्याने लखनौला आलेल्या परदेशी लोकांना जुना चौक बाजार फिरवायचा, माहितीये ना? सगळ्यांना बजावायचा, “किसी के घर खाना मिले, तो पहले बोलना, पहले आप.”

दादा गेल्याचं कळलं आणि त्यातला एक गोरा आमच्या घरी आला. आईने पोहे दिले.

“पहले आप,” तो म्हणाला.

दादा गेल्यापासून आईने चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

“आप खाओ, बेटा.”

“पहले आप.”

मी भडकलोच. “खा ले ना यार! माँ कुछ नहीं खाती आजकल!”

त्याने बशी आईकडे सरकवली. “भैया ने सिखाया.”

आईने घास उचलला. रडत मला म्हणाली, “बघ, अजून त्याचंच चालतं या घरात.”