चौकातली कोंडी गायब

बसा रं, अजून पाय आंबलेत माझे. माझ्या सलमाचा कॉलेजचा प्रोजेक्ट होता, उंब्रजच्या चौकातली वाहनकोंडी कॉम्प्युटरवर हुबेहूब दाखवायची. सामग्री काय, तर लॅपटॉप, टेप आणि बाप! पहिल्या दिवशी मापं, दुसऱ्या दिवशी वाहनं मोजायची.

टेपचं टोक धरून दुपारभर उन्हात उभा होतो. भजीवाला दत्तू म्हणाला, "आवं चाचा, रस्ता रुंद होतोय व्हय?"

समजावायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "व्हय."

सकाळी बघतो तर सगळे गाडे मागं सरकलेले, एसटी सुसाट! सलमा रडकुंडीला, "अब्बा, आता कोंडी कुठनं आणू?"

मी दत्तूला हात जोडले. "दोन दिवस रस्ता अडव रं, पोरीचे मार्क जातील."

"अडवतो की. पर आधी तहसीलदाराची परवानगी आणा."