फुली नसलेली खिडकी

बंडूजी : (कापसाच्या मिलच्या ऑफिसातून, फोनवर) दाबलं ना व, पाच खेपा दाबलं! तुह्यं बेल्ट बंद कराचं लाल बटन दबतच नाई. दाबलं का अख्खी खिडकी सरकते स्क्रीनवर.

समीक्षा : सरकते म्हणजे काय, काका?

बंडूजी : माउसच्या मागं मागं येते. अन् इकडे तुहा बाप बेल्टखालच्या खड्ड्यात उतरला हाय, अडकलेला कापूस काढाले. सफाईचे दहा मिनटं संपले का बेल्ट आपोआप सुरू होते. तूच केलं ना तसं?

समीक्षा : किती उरले?

बंडूजी : तीन मिनटाले कमी.

समीक्षा : मेन स्विच पाडा!

बंडूजी : त्या पेटीची चाबी त्याच्याच कमरेले. बाकीचे सारे चहाले गेले. मी आवाज देऊन राह्यलो, पण बाजूच्या मशिनी चालू हायेत, त्याले काय आइकू येते!

समीक्षा : मग खिडकी बंद करा. आधी खिडकी बंद करा, काका!

बंडूजी : घे, केली. काचेवर रुई बसली हाय, आता थो दिसत बी नाई मले.

समीक्षा : कोणती केली?

बंडूजी : हेच, ऑफिसची. जिच्यातून आवाज देऊन राह्यलो होतो.

समीक्षा : अहो, स्क्रीनवरची! सॉफ्टवेअरची!

बंडूजी : तिले बंद कराची फुली कुठी हाय? तूच काढली. म्हणे बंडूकाका चुकून फुली दाबते अन् सारं बंद पाडते. चौकट काढली, वरची पट्टी आपल्या हातानं रंगवली, तिच्यावर मिलचं नाव टाकलं. सेठ तर एकदम खूश.

समीक्षा : पट्टी... थांबा. ते लाल बटन पट्टीतच आहे ना?

बंडूजी : उजव्या कोपऱ्यात.

समीक्षा : अरे देवा. माझंच चुकलं. चौकट नाही, मग खिडकी ओढायची कशी, म्हणून अख्खी पट्टी ओढायची केली मी. बटन त्यातून वगळायचं राहिलं. तुमी बटन दाबता अन् तिले वाटते, खिडकीच ओढून राह्यले. मी घरी सगळं कीबोर्डानंच तपासलं, मले दिसलंच नाई.

बंडूजी : मी पळतो मंग.

समीक्षा : त्या गुडघ्यानं? पोचाल?

बंडूजी : दोनशे पावलं हाय. नाई पोचत. पोरी, मले भेव लागून राह्यलं.

समीक्षा : मलेबी. हलू नका तिथून. कीबोर्डावर डावीकडे टॅबचं बटन आहे, दोन बाणांचं. दाबा. लाल बटनाभोवती पांढरी रेघ येते का?

बंडूजी : दाबलं. रेघ दुसरीकडेच आली. 'अहवाल' लिहिलं हाय तिथी.

समीक्षा : अजून एकदा.

बंडूजी : आली! लालवर आली. चाळीस सेकंद.

समीक्षा : एंटर. एंटर दाबा. काका? बोला ना!

बंडूजी : ...थांबलं. आकडा एकवीसवर थांबला. 'बेल्ट बंद' लिहून आलं.

समीक्षा : अन् बाबा? काच उघडा, पहा.

बंडूजी : बोट उचललं तर चालू नाई ना होणार?

समीक्षा : नाही होत.

बंडूजी : मी नाई उचलत.

(थोड्या वेळानं ऑफिसचं दार वाजतं.)

मोतीलाल : कोणाचा फोन, बंडूजी? समीक्षाचा? द्या इकडे. काय व माय, रडून काऊन राह्यली?

समीक्षा : बाबा, तुमी बाहेर आले?

मोतीलाल : आलो ना. चिंधी निघाली बेल्टात अडकलेली. मी तर म्हणलं आता चालू होते, लवकर निघा, तं बेल्ट हललाच नाई. लय हुशार हाय तुह्यं सॉफ्टवेअर. सांगतो साऱ्याइले.

समीक्षा : नका सांगू. चूक माझी होती, बाबा. तुमचा जीव गेला असता माझ्या हातून. मी वर्ध्याहून निघून राह्यली, चौकट परत लावतो, फुलीसकट. तोवर खड्ड्यात उतरू नका.

मोतीलाल : ...नाई उतरत. ये तू. पण पह्यले बंडूजीले काई सांग व. थो एंटरवरचं बोट उचलतच नाई.