पेट्रोलचा कॉक दोनदा पाहावा

हॅलो? मामा? सुरू झालं! … अरे इंजिन! तुझ्या त्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरचं! पहिल्याच ओढीत! … हो, हो, दोरी गुंडाळली, ओढली, आणि फट् फट् फट्… मामा? … आहेस ना?

… नाही. … नाही, सुरू नाही झालं. … मी कुठे म्हटलं सुरू झालं? मी तुझ्या पायाची चौकशी करायला फोन केला. प्लास्टर कसंय?

… हा आवाज? हा… मी जरा खोकतेय. … हो, एका लयीत.

… अरे, पण तूच म्हणालास ना, 'मी तुझ्या आईकडे आहे तोवर माझ्या वहीप्रमाणे इंजिनाचं सर्व्हिसिंग कर' म्हणून? मग? वहीप्रमाणेच केलं. ऑइल बदललं. जुनं इतकं काळं होतं की त्यात मला माझं तोंड दिसलं, आणि तेही वैतागलेलं. एअर फिल्टरमध्ये उंदराचं बिऱ्हाड होतं, ते हलवलं. … सामानासकट, हो. … प्लग घासला. कार्बोरेटर खोलून धुतला. मग चहा. मग परत चहा. … तुझ्या वहीत बारापैकी पाच कामं चहाच आहेत, मामा.

… बारावं? बारावं तेवढं तू चुकीचं लिहिलं होतंस. 'पेट्रोलचा कॉक बंद आहे ना, दोनदा पाहावं.' म्हटलं, हात चुकला असेल बिचाऱ्याचा. उघडला.

… ओरडू नकोस, प्लास्टरला तडा जाईल.

… म्हणजे? मुद्दाम? … चौदा वर्षं? … दर रविवारी, दहा ते चार, कॉक बंद ठेवून तू त्या शेडमध्ये करायचास तरी काय? … बसायचास. … नुसता? … बरं. … नाही, हसत नाहीये. खोकतेय.

… हो, नर्सरीवाले माहितीयेत ना, पलीकडचे, रोपं विकणारे. … मामीनं त्यांना शब्द दिलाय? … सगळ्या गल्लीसमोर? 'ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी घेऊन जा'… आणि शेड रिकामी. … म्हणजे ट्रॅक्टर गेला की तुझा रविवारही गेला. … कळलं रे. आधी सांगायचं ना! वहीत लिहायचंस, तेरावं काम म्हणून.

… बंद करते, बंद करते! कसं? … प्लगच्या डोक्यावरची पत्र्याची पट्टी… ती डुगडुगणारी? ती प्लगला टेकवायची की इंजिन बंद? … अच्छा. … ती आता रंगाच्या डब्यात आहे. … ढवळायला काढून घेतली. … तुझ्याच ट्रॅक्टरला रंग देणार होते! सरप्राइज! … बरं, बरं. कॉक बंद केला. … अजून चालूच आहे. … कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत? … थांबू मग. काय करणार.

एक मिनिट, मामी आली. … नाही, ठेवत नाहीये. … काही नाही गं मामी, खोकतेय मी! … मामा, तिला नाही पटलं. … कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे बघतेय. … आता माझ्याकडे. … विचारतेय, 'कॉक कोणी उघडला?'

… अरे, तिला माहीत होतं! … हो! म्हणतेय, दर शनिवारी तीच येऊन बघायची, बंद आहे ना ते. … एकदा तू विसरला होतास, उघडाच राहिला होता. तिनं बंद केला. … कारण रविवारी सहा तास घरात कुणी 'भाजीत मीठ कमी आहे' म्हणायला नसतं, म्हणतेय. … मामा? रडतोयस? … बरं, खोकतोयस.

… विचारलं. शब्द का दिला विचारलं. म्हणतेय, 'सुरू होणारच नव्हतं, मग द्यायला काय जात होतं माझं?'

थांब. फाटक वाजलं. … तेच. नर्सरीवाले. … धावत. एका पायात चप्पल, हातात ट्रॅक्टर ओढून न्यायची दोरी. … मामी मधे उभी राहिली, हात पसरून. 'कसला आवाज?' म्हणतेय. … ते म्हणतायत, 'मग हा धूर कसला?' … मामी म्हणतेय, 'आमची भाची सिगरेट ओढते.' … हो ना, खोकल्याशी जुळलं सगळं. माझं लग्न तेवढं गेलं.

… मामा! गचके खातंय! … पेट्रोल संपत आलं वाटतं… फट्… फ… आता पडतंय बंद… हो… हो…

… ते खाली वाकले.

… कॉक उघडला. … दोनदा पाहिला.

… हो, हा तोच आवाज. … अरे, दोरी बांधतायत आता! बोल काहीतरी! … फोन दिला तर घेत नाहीत. म्हणतायत, 'चौदा वर्षं तोंडीच ऐकतोय, सुरू होत नाही म्हणून. आता लेखी द्या.' … हो, घेते लिहून. डब्याच्या झाकणावर. सांग. …

'प्रति, नर्सरीवाले. विषय : इंजिन सुरू न झाल्याबाबत.' … लिहिलं. … झालं. … हे पण? … मामी म्हणतेय, तिची पण सही घे. … मोठ्यानं वाचू? थांब, दोरी टाकून ते सरळ सीटवरच चढलेत. … वाचते, वाचते!

'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर इंजिन गेली चौदा वर्षे बंद असून आजही, आपल्या समक्ष, बंद आहे. तरी आपण ऐकलेला आवाज ऐकला नाही, पाहिलेला धूर पाहिला नाही, आणि आत्ता आपण ज्यावर बसून फाटकाबाहेर चालला आहात ते जागचे हललेले नाही, असे समजून आपण पायी परत जावे, ही नम्र विनंती.'