नानांचा गुडघा आणि छत्तीस हजार किलोमीटर

— नाही गं दिवलीबाई, सिनेमा नाही हा. रॉकेट आहे, रॉकेट! खरंखुरं, आत्ता उडणार आहे, श्रीहरिकोटाहून. बस ना त्या गोणीवर. मोलगीहून जीपमध्ये उभी आलीस ना? दिसतंय तोंडावर. पाणी पी. अप्पा येतीलच. तू अप्पांना काय विचारायला आलीस तेही मला माहीत आहे — माझ्या लेकाला, फुलसिंगला, परत मिरचीच्या पथारीवर घ्या, म्हणून. विचार की. मी कशाला अडवू? पण आधी हे बघ. दहा मिनिटं राहिलीत.

फोनवर हा पांढरा खांब दिसतो ना, याच्या टोकात हवामानाचा उपग्रह बसवलाय. लहानसहान नाही, म्हणून रॉकेटही एवढं दांडगं. वर नेऊन सोडायचा, मग तो पायरीपायरीने चढत छत्तीस हजार किलोमीटरवर जाणार आणि पृथ्वीबरोबर फिरत राहणार — म्हणजे आपल्याला वाटणार, एकाच जागी उभा आहे. राखणदारासारखा. तिथून ढगांचे फोटो पाठवत बसणार, रात्रंदिवस. समुद्रावरून ढग निघाला की दिसलाच! जग तिथे पोचलं. आणि आमच्याकडे? आमच्याकडे दोधूनानांचा गुडघा! हसतेस काय? तुझ्यासमोरच तर होतं ना सगळं. अप्पांचे काका ते, सत्तरीचे, त्यांचा गुडघा ठणकला तर पाऊस, नाही ठणकला तर नाही. आणि आमचे अप्पा, हेमकांतशेठ, एवढ्या मोठ्या मिरची पथारीचे मालक — मैदानभर मिरची उन्हात वाळत पडलेली, आणि त्या गुडघ्याला विचारून ताडपत्र्या टाकतात. मी अप्पांची लेक, फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले ते कशाला? गोण्यांवर नंबर टाकायला?

एकदा सांगितलं होतं मी. संक्रांतीच्या आधी. सध्याच्या उपग्रहाचा फोटो दाखवला, म्हटलं अप्पा, हा ढग इकडेच येतोय, मिरची झाका. झाकली बिचाऱ्यांनी. आणि पडला कुठे? पुरुषोत्तमनगरला! उसावर! तीस-पस्तीस किलोमीटरचा फरक — उपग्रहासाठी ते काय अंतर आहे का? पण इथे ओली मिरची दिवसभर ताडपत्रीखाली घामेजली, वास सुटला. मग नाना उठले. सगळ्या बायकांसमोर, तुम्ही देठ खुडत होतात तेव्हा — “हाई दखा आमनं हवामान खातं! पानी उसले आनि घाम मिरचीले!” तूही हसलीस. हसलीस गं, मी पाहिलं. अप्पाही हसले. मला त्याचंच जास्त लागलं. म्हटलं ठीक आहे. आता या तोंडातून पावसाचा प सुद्धा काढणार नाही. भिजा एकदा. कळू दे गुडघ्याची किंमत.

आठ मिनिटं. हे बघ, धूर निघतोय तो थंड इंधनाचा, घाबरायचं नाही.

काय म्हणालीस? फुलसिंगचा दोष नाही? अगं, मला काय सांगतेस — मिरची भिजली तेव्हा राखणीला तो होता, ताडपत्र्या त्याच्या हाताखाली, मग नाव त्याचंच येणार. नाना म्हणाले पिऊन पडला असेल. नव्हता प्यायला. मला माहीत आहे ना, नव्हता प्यायला, चार वाजता तर चांगला उभा होता इथे दारात —

इथेच. म्हणजे... येत-जात असतो ना माणूस. आला असेल पाणी प्यायला.

असं काय बघतेस? फोनकडे बघ. पाच मिनिटं.

बरं, आला होता. त्या मंगळवारी. विचारायला आला होता — “ताई, ताडपत्री टाकू का? तिकडे काळं दिसतंय.” माझ्यासमोर फोन उघडाच होता. पावणेचारचा फोटो. शंकाच नव्हती गं त्यात, साक्रीच्या अंगाने पांढरा गोळा सरळ आपल्यावर येत होता. आणि मी म्हटलं — मी म्हटलं, “मला काय विचारतोस? नानांच्या गुडघ्याला विचार.” तो हसला, त्याला वाटलं मी थट्टा करते. म्हणजे नाही, असं वाटलं त्याला. शिकलेली बाई थट्टा करतेय म्हणजे पाऊस नाही. गेला बिचारा. पाच वाजता पाऊस आला, वीस मिनिटं पडला, सगळी पथारी लाल पाण्यात. मी इथे खिडकीत उभी होते. आधी पाच मिनिटं — खोटं नाही बोलत — पाच मिनिटं मला बरं वाटलं.

मग अप्पांनी त्याला हाकललं. सगळ्यांसमोर. तो माझ्याकडे बघत होता, मी सांगेन म्हणून. मी नाही बोलले. नानांपुढे तोंड कसं उघडायचं? म्हणाले असते, बघितलं, मोबाईलवालीनेच बुडवलं! म्हटलं दोन दिवसांनी सांगू, अप्पा शांत झाले की. दोन दिवसांनी समजलं तो बायकोला आणि पोरीला, गायत्रीला घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला गेला. गायत्रीची आठवी होती ना? होती. माहीत आहे मला.

तांब्या काय खाली ठेवतेस? शिव्या दे.  मला काय, बोलता येतं. सारखी बोलते. सगळं बोलते, फक्त —

एक मिनिट राहिलं बघ. साठ, एकोणसाठ... दोन महिने वाट पाहतेय मी या दिवसाची, तारीख तीनदा बदलली.

गाडी वाजली का? अप्पा आले. आणि मागे नानाच, गुडघा धरून उतरताहेत. नको, तू उठू नकोस. तू काही विचारू नकोस त्यांना, हात जोडू नकोस, तुझं काही चुकलेलं नाही. बस तिथेच. हा फोन धर — नाही, राहू दे, बंदच करते. उडेल ते. त्याला माझी गरज नाही.

अप्पा, चपला नंतर काढा. आधी माझं ऐका. नाना, तुम्हीही. नाही... पावसाचं नाही.