कडक पत्राआधीचा फोन

ताई : पाणी नको मला, खुर्ची नको. तू ते पत्र परत वाच. पाठच्या भावाने आपल्या दाजींसाठी काय लिहिलंय ते ऐकू दे जरा.

भाऊ : ताई, हळू बोल. बाहेर माणसं बसलीयेत.

ताई : बसू देत. वाच.

भाऊ : "आमची बोट अडवणे ही चिथावणी समजली जाईल. बोट आणि खलाशी विनाविलंब न सोडल्यास होणाऱ्या परिणामांना आपले सरकार जबाबदार राहील."

ताई : परिणाम! अरे, इंजिन बंद पडून पलीकडच्या हद्दीत वाहत गेलेली बोट ती. तुझे दाजी त्याच इंजिनाचे मेकॅनिक. सुरू झालं नाही म्हणून आधीच स्वतःला खात बसले असतील तिकडे. त्यात तू हे लिहिलंस?

भाऊ : मी नाही लिहिलं. आता पत्रं सिस्टीम लिहिते. मी नुसती सही करतो.

ताई : वा! एवढा शिकलास, परराष्ट्र खात्यात बसलास, आणि शेवटी अंगठेबहाद्दरच.

भाऊ : अगं, कडक पत्र पूर्वीही जायचं. मंत्र्यांना दाखवायला लागतं, पेपरात छापून यावं लागतं. पण पत्र निघायच्या आधी मी पलीकडच्या साहेबांना फोन करायचो. म्हणायचो, उद्या एक कडक पत्र येतंय, मनावर घेऊ नका, इंजिन बिघडलं होतं बिचाऱ्यांचं. ते म्हणायचे, पाठवा, आमचंही तसलंच उत्तर येईल. दोन्ही पत्रं छापून यायची आणि खलाशी गुपचूप घरी.

ताई : मग या वेळी काय झालं?

भाऊ : फोन काढून नेला. तो बघ, टेबलावर चौकोन राहिलाय त्याचा. नवं धोरण. माणसांनी परस्पर बोलायचं नाही. बोलण्यात ओळखीपाळखी येतात म्हणे, ढिलाई येते. जे काय ते सिस्टीममधून.

ताई : आणि त्यांच्याकडे?

भाऊ : त्यांच्याकडे पत्र वाचायलाही सिस्टीमच. तिने ही धमकी धरली आणि शेरा मारला लाल. लाल झालं की खलाशांना सोडत नाहीत, बंदरावरून आतल्या मोठ्या तुरुंगात हलवतात. तिथून माणूस वर्ष वर्ष निघत नाही.

ताई : म्हणजे तुमचं यंत्र त्यांच्या यंत्राशी भांडलं, आणि तुरुंगात माझा नवरा.

भाऊ : मी हरकत घेतली ना! दोनदा घेतली. उत्तर काय, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." डोकं आपटावंसं वाटतं, ताई. भिंतीवर आपटलं तर निदान आवाज तरी येतो.

ताई : आपट खुशाल. पण आधी फोन लाव. खिशातला, तुझा स्वतःचा.

भाऊ : नोकरी जाईल माझी. त्यात दाजी पडले माझे. घरच्या माणसासाठी केला, असं म्हणतील.

ताई : म्हणू देत, खरंच आहे ते. तू तापाने फणफणला होतास तेव्हा याच घरच्या माणसाने तुला पाठुंगळीला मारून दवाखाना गाठला होता. कुठलं धोरण विचारायला थांबले होते का ते?

भाऊ : उगाच भावनेला हात घालू नकोस.

ताई : मग कशाला घालू? कॉलरला?

(तो खिशातला फोन काढून लावतो. स्पीकर चालू.)

पलीकडचे साहेब : हॅलो... अहो, तुम्ही! आत्ता करताय होय फोन?

भाऊ : साहेब, त्या पत्राबद्दल जरा...

पलीकडचे साहेब : पत्र जाऊ द्या हो. तसल्या पत्रांनी कपाट भरलंय माझं. यंत्राने लाल केलं तरी फाईल शेवटी माझ्यापुढेच येते. मी दाबून ठेवली होती. म्हटलं, यांचा फोन येईल. रोज वाट बघत होतो.

भाऊ : तुम्ही का नाही केलात मग?

पलीकडचे साहेब : पत्र तुमचं, फोन मी करायचा? आणि नोकरी मलाही आहे. तुमचा आला नाही. म्हटलं, या वेळी यांनी बहुतेक मनापासून लिहिलंय.

भाऊ : मनापासून? मी? अहो... मग काय केलंत तुम्ही?

पलीकडचे साहेब : आज सकाळी सही केली. संध्याकाळी हलवणार त्यांना.

ताई : साहेब, मी त्या मेकॅनिकची बायको. याची बहीण. तुमची सही मागे नाही का घेता येत?

पलीकडचे साहेब : येते हो, ताई. पण कारण द्यावं लागतं. आणि माझं कारण वाचून ते यंत्र मलाच लाल करायचं.

भाऊ : काहीतरी लिहा ना, साहेब. बिघडलेलं इंजिन, वारा, समुद्राची ओढ...

पलीकडचे साहेब : ते सगळं आधीच लिहून पाहिलं. मानत नाही ते. आता उरलं काय माझ्याकडे? मित्राचा फोन आला होता, असं लिहू?

ताई : हो. तेच लिहा.