परसातलं शेड उचललं तेव्हा

राव, महाळुंगे पडवळला आमच्या परसात पत्र्याचं शेड बांधलं, ते कोबा न घालताच. खाली सिमेंटचे ठोकळे, वर लोखंडी सांगाडा आन् फळ्यांची जमीन.

बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मांडववाल्याचा टेम्पो आला, तर शेड वाटेत आडवं!

भाऊ म्हनला, "पाडूया."

मी म्हनलो, "पाडतो कशाला? कोबाच न्हाई, उचलू!"

सगळी भावकी गोळा केली. "हैशा!" म्हनलं आन् शेड अधांतरी! लई जोर चढला. थेट चिंचेखाली नेऊन ठेवलं. टाळ्या वाजल्या, तेवढ्यात आतून कुनीतरी दार बडवलं. उघडलं, तर पातेलं कवटाळून आई उभी!

"अगं, वरडायचं ना!"

"वरडले की! तुमच्या हैशापुढं ऐकतंय कोन?" आई म्हनली. "आन् उचललंच व्हतं, तर मंचरच्या बाजारापर्यंत तरी न्यायचं!"