पहिल्या बाकावरचा रुमाल

...आणि वरून मलाच म्हणतात, तुम्ही तिखटमीठ लावता म्हणून. अहो, शपथेवर सांगतो, यातलं एक अक्षर खोटं नाही, सगळं माझ्या या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणजे... डोळ्यांनी नाही, मी तिथं कशाला असणार, पन्नाशी उलटलेला माणूस बी.कॉम. फर्स्ट इयरच्या वर्गात जाऊन बसतो का? माझी पोरगी आहे त्या वर्गात, रितिका, पण ती घरी तोंड उघडेल तर शपथ, काही विचारलं की "ठीक आहे ना बाबा" म्हणते आणि मोबाइलात डोकं घालते. तर मी आपलं पानठेल्यावर ऐकलं. पण ऐकलं ते अगदी खरं ऐकलं.

तर भूपेश. कुहीकडचा पोट्टा. बारावी झाली, नागपूरच्या कॉलेजात नंबर लागला, कॉलेजचं नाव नाही सांगत, उगाच कटकट कशाला. गावातून निघताना अंगात नवी जीन्स, केस बाजूनं बारीक कापलेले, आणि मनात काय, तर आता आपल्याला अमक्याचा पोरगा, तमक्याचा नातू म्हणणारं कुणी नाही, आपले दोस्त आपण करू आणि ते आपल्याला भूपेश म्हणतील. नुसतं भूपेश. एवढंच मागणं होतं हो पोराचं. तुम्हीच सांगा, जास्त होतं का?

पण राहायचं कुठं? हुडकेश्वरला, मामाकडे. बबनराव मामा म्हणजे एसटीतले कंडक्टर, गेल्याच उन्हाळ्यात रिटायर झालेले. भूपेशच्या आईला, रुख्माबाईला, धानाच्या रोवणीच्या दिवसांत पोराला सोडायला येणं जमेना, तर तिनं बांधीतूनच भावाला फोन लावला, पाय चिखलात आणि फोन खांद्यात दाबलेला. "बबन, पोरगं पहिल्यांदा घराबाहेर येऊन राहिलं. त्याले एकटं वाटाले नको, सांगून ठेवतो तुले."

झालं. बहीण बोलून मोकळी झाली, मामा अडकला. आणि मामा अडकला म्हणजे भाचा अडकलाच की.

पहिल्या दिवशी मामा स्कूटरवर घेऊन आला. गेटवर सगळ्यांचेच आईबाप आलेले, कुणी पाणी पाजतंय, कुणी फोटो काढतंय, पण दहा मिनिटांत परत फिरले सगळे. मामानं स्कूटर स्टँडवर लावली. भूपेश म्हणाला, "मामा, जा ना आता तुम्ही."

"जातो ना गा, घाई काय हाये? तुले जागा भेटते का पाहू दे."

वर्गाच्या दारात ही गर्दी. आता तुम्ही-आम्ही काय करू? रांगेत उभे राहू. पण हा कंडक्टर, जन्मभर पाहिलं यानं की दारातून शिरणारा उभा राहतो आणि खिडकीतून रुमाल टाकणारा बसतो. मामा बिल्डिंगला वळसा घालून मागच्या खिडकीशी गेला, खिशातून रुमाल काढला, पांढरा, निळ्या काठाचा, चांगला दुलईच्या निम्मा, आणि दिला फेकून. कुठं पडावा? पहिल्या बाकावर, बरोबर मॅडमच्या टेबलासमोर. आणि वरून आरोळी, "धरली जागा भूपेश, घूस तू, कोणाले बसू नको देऊ!"

साठ पोट्टे-पोट्ट्या वळून पाहतात. अशा वेळी जमीन फाटत नाही, तुम्हाला सांगतो, तशी सोय कॉलेजात नाही. भूपेश मान खाली घालून गेला आणि रुमालावर बसला.

अकाउंटच्या वंदना मॅडम आल्या. खिडकीत गजांना धरून एक इसम उभा. "तुम्ही कोण?"

"मामा."

कुणाचे, काय, काही नाही. नुसतं मामा. त्या घडीपासून ते सगळ्या वर्गाचे मामा, आणि भूपेश? तो मामाचा भाचा. "ए मामाच्या भाच्या, पेन दे ना." संपली कथा.

दुसऱ्या दिवशी मामा परत हजर, तिसऱ्याही. "काहून मामा? आता मले जमते." "जमते ना, मी कुठं नाही म्हणून राहिलो. पण तुले एकटं वाटाले नको." चौथ्या की पाचव्या दिवशी मॅडमचंच मन द्रवलं, पाऊस उघडून बाहेर ऊन तापलेलं, त्या म्हणाल्या, "काका, तिथं काय उभे राहता, आत बसा." अहो, कंडक्टरला आत घेतलं की गाडी कुणाच्या हातात जाते, हे त्या बाईला कुणी सांगायचं?

मागून आलेली पोरं दारात घोटाळत होती. मामा उठला. "पुढं सरका, पुढं सरका, मधात जागा हाये! ओ चष्मेवाले, थैला मांडीवर घ्या. ताई, तुम्ही जरा खिडकीकडे." दोघांच्या बाकावर तीन बसले आणि कुणाची तक्रार नाही, उलट दोन पोरं "थँक्यू मामा" म्हणाली. तास संपायच्या वेळी लाइट गेलेली, घंटा वाजेना. मॅडम सांगतायत, "तर क्रेडिटच्या बाजूला..." आणि मामानं घड्याळ पाहून दारावर हात मारला, धप धप, गाडी सोडायची डबल बेल. सगळा वर्ग उठला. मॅडमही उठल्या हो! पुस्तक मिटून स्टाफरूममध्ये पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं.

कॅन्टीनमध्ये जावं तर तिथंही मामा, समोर तर्री-पोहे, भोवती पोट्ट्यांचा गराडा, आणि उमरेड रोडवर बसमध्ये बकरी व्याल्याचा किस्सा रंगात आलेला. भूपेश कोपऱ्यातल्या टेबलावर. आणि अशात दीप्ती त्याच्याकडे चालत आली. दीप्ती म्हणजे त्याच्या मागच्याच बाकावरची, मोकळं हसणारी, जिच्याशी बोलायला हा आठवडाभर वाक्य जुळवत होता. ती आली, टेबलापाशी थांबली, म्हणाली, "ऐक ना..." पोरानं चमचा खाली ठेवला.

"...मामानं आज डब्यात काय आणलं?"

"भेंडी," म्हणाला भूपेश. दुसरं काय म्हणणार?

मग त्यानं काय केलं असेल? कॉलेजला बुट्टी मारली. पोरं बुट्टी मारून तलावावर जातात, सिनेमाला जातात, आणि हा गेला घरी. का, तर मामा कॉलेजात! घरात तेवढी शांतता मिळेल म्हणून गेला, तर दारातच सुभद्रा मामी. "आला का बापू? बरं झालं. हे लसूण सोल, मंग दळण घेऊन ये." दुपारी मामीसोबत मालिका पाहिली. एक बाई जिन्यावरून पडत होती, ती संपेपर्यंत पडतच राहिली.

भूपेश म्हणाला, "मामी, मामाले समजवा ना वं."

मामी सुपातलं न ढळू देता म्हणाली, "म्या कायले समजवू? रिटायर झाले तसे दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते. सैपाकखोलीत मी एकटी, अन् मले म्हणत, पुढं सरका, मागं जागा हाये. आता कुठं माणसासारखे जेवून राहिले." पोरानं लसणाची पुढची गड्डी घेतली.

संध्याकाळी मामा आला तो खूश. "चिंता नको करू, तुही हजेरी लावून दिली."

"मॅडम काही नाही म्हणल्या?"

"म्हणल्या ना, आवाज बसला का रे भूपेश. म्हटलं, हाव."

म्हणजे पाहा, साऱ्या कॉलेजात भूपेश म्हणून एकदा हाक आली, तीही मामानंच घेतली!

शेवटी पोरानं जीव मुठीत धरला आणि सिग्नलला मागच्या सीटवरून बोलला, तोंड दिसत नाही ना, म्हणून. "मामा, उद्यापासून मी बसनं जाईन. एकटा."

सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न, कुणी तरी ओरडलं, "ओ काका, झोपले का?" जन्मभर ज्यानं डबल मारून गाड्या सोडल्या त्याला स्वतःची स्कूटर हलवता येईना. मग म्हणाला, "तुह्या मायले काय सांगू?"

"सांगा, त्याले एकटं नाही वाटत म्हणून."

"बरं," म्हणाला मामा.

सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून दिवाणावर बसून राहिला आणि भूपेश बसनं निघाला. सुटला म्हणावं, तर दारातून दोनदा मागं वळून पाहिलं, काहून ते त्याचं त्यालाच कळेना. बस उशिरा पोचली. वर्ग भरलेला, आणि पुढं सरका म्हणणारं कुणी नाही, तर पोरं ऐसपैस पसरलेली. हा दारात उभा. कुणी म्हणेना ये. आणि तेवढ्यात दिसलं काय, पहिल्या बाकावर रुमाल! निळ्या काठाचा नाही, छोटा, गुलाबी, कोपऱ्यात फूल भरलेला. मागं दीप्ती बसलेली आणि बघते ती याच्याचकडे. काय झालं असेल हो त्या पोराच्या छातीत? नागपुरात आल्यापासून पहिल्यांदा मामा सोडून दुसऱ्या कुणी तरी त्याच्यासाठी जागा धरली होती. तो गेला, रुमाल अलगद उचलून घडी केला आणि बसला.

दीप्ती पुढं वाकली. म्हणाली, "भूपेश..."

भूपेश! मामाचा भाचा नाही, ए नाही, ओ नाही.

"...भूपेश, ऊठ ना रे. मामासाठी धरली ती."

आता खोटं कुठलं तेही सांगून टाकतो, मनावर ओझं नको. मामा घरी बसला, हे मी बनवलं. तो थोडाच बसतो? बसच्या मागं मागं स्कूटर घेऊन आला आणि मागच्या दारानं शेवटच्या बाकावर जाऊन टेकला, भाच्याला दिसू नये म्हणून. आणि पानठेल्यावर ऐकलं म्हणालो, तेही खरं नाही. पोरीला फक्त पहिल्या दिवशी सोडायला गेलो होतो हो मी, खरंच फक्त सोडायला... पण त्या शेवटच्या बाकावर मामा माझ्यासाठी निळ्या काठाचा रुमाल टाकून ठेवतो, आता नाही कसं म्हणणार? आणि पोरीलाही एकटं वाटायला नको. रितिका तिथं मला ओळख देत नाही, मीही देत नाही. कुणी विचारलंच, तर वर्गात मला सगळे ओळखतात.

मामाचा दोस्त म्हणून.